टाकी मुरू द्या

शाळेच्या प्रवेशद्वारापाशी काचेची एक मोठी टाकी असावी, तीत समुद्राचे खारे पाणी असावे आणि त्या पाण्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे विहरताना दिसावेत, ही इच्छा वाईट आहे असे कोणीही म्हणणार नाही. गोमंतकातील मुलांना समुद्र नवा नाही. परंतु समुद्राच्या पोटातले जग त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिलेले असते. मासा आपल्याला भेटतो तो बहुधा बाजारात किंवा ताटात. तो जिवंतपणी कसा वागतो, कोणाला भितो, कोठे लपतो, हे पाहण्याची सोय शाळेत होत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले तेव्हापासून महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी याच कुतूहलाने काचेला नाक लावलेले आहे. माझी तक्रार आहे ती टाकीच्या उद्घाटनासंबंधी.

उद्घाटनाचा क्रम सामान्यतः असा असतो. सोमवारी टाकी येते, मंगळवारी तीत पाणी भरतात, बुधवारी मीठ विरघळवतात, गुरुवारी मासे सोडतात आणि शुक्रवारी पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली जाते. त्यापुढच्या शुक्रवारपर्यंत टाकीत पाणी तेवढे उरते. अशा टाक्या मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिल्या आहेत. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. एके ठिकाणी तर रात्री मेलेले मासे सकाळच्या प्रार्थनेपूर्वी काढून त्यांच्या जागी नवे आणून सोडण्याची दक्षता घेतली जात असे. मुलांच्या ते लक्षात आले होते, कारण मुले मासे मोजतात. विचारणा केली तर तीन कारणे ऐकू येतात: मासे नाजूक होते, दुकानदाराने फसवले, किंवा पाणी बाधले. यांतले तिसरे कारण खरे असते, आणि नेमकी त्याचीच चौकशी कोणी करीत नाही.

पाणी बाधते म्हणजे काय होते? प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे आणि वर्गात भाषा व इतिहास शिकवतो. तथापि या प्रश्नाचे उत्तर समजण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. मासा पाण्यात राहतो, पाण्यातच खातो आणि पाण्यातच मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो व सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. दोनशे लिटरांच्या काचेच्या पेटीत तो साचत राहतो. त्यातही खाऱ्या पाण्याची गोष्ट अधिक कठीण आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो, आणि सामू एका अंकाने वाढला की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते. म्हणून घरी काचेच्या भांड्यात गोल्डफिश पाळल्याचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही. अमोनियाने माशाचे कल्ले होरपळतात. श्वास कोंडल्यामुळे तो पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, आणि भोवती जमलेल्यांना वाटते की मासा आपल्याला भेटायला वर आला.

यावर निसर्गाने केलेली योजना मोठी सुंदर आहे. एका जातीचे सूक्ष्मजीव अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असते आणि थोडे थोडे पाणी बदलून ते कमी करता येते. हे कामकरी सूक्ष्मजीव मुख्यतः वाळूच्या कणांना, दगडांना आणि गाळणीच्या स्पंजाला चिकटून राहतात; नुसत्या पाण्यात त्यांची वस्ती फार थोडी. त्यांची वाढही संथ. कित्येक सामान्य जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना त्यासाठी कित्येक तास, पुष्कळदा एखादा दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तेव्हा नव्या टाकीत त्यांची वस्ती पुरेशी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, क्वचित अधिकही.

या क्रियेला हौशी लोक इंग्रजीतील ‘सायकल’ हाच शब्द वापरतात. आठवीच्या वर्गात तो उच्चारला तेव्हा मागच्या बाकावरून घंटी वाजवल्याचा आवाज आला, म्हणून मी दुसरा शब्द शोधला. तो स्वयंपाकघरातच होता. लोणचे घातल्याबरोबर कोणी वाढत नाही. ते मुरावे लागते. टाकीही मुरावी लागते.

मुरण्याच्या या काळात वरून काहीच घडताना दिसत नाही, आणि आपल्या उतावीळ मनाला तेच सहन होत नाही. परंतु १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ या शास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग या ठिकाणी मुद्दाम सांगण्यासारखा आहे. त्यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून गटाराचे पाणी संथपणे झिरपत ठेवले. सुमारे वीस दिवस पाण्यातला अमोनिया जसाच्या तसा खालून बाहेर येत राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले, आणि अमोनिया हळूहळू नाहीसा झाला. ही केवळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हावयास हवी होती. वीस दिवस थांबली कशाला? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्रिया बंद पडली. मग बागेतल्या मातीचे धुवण ओतले. काही काळाने ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे नळीत कोणीतरी जिवंत होते! पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले आणि दोन टप्पे दोन निरनिराळ्या जातींचे असतात हे सिद्ध केले. तरीही गोष्ट संपली नव्हती. २००५ साली अमेरिकेतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या एका खाऱ्या टाकीतल्या खड्यांतून अमोनियावर जगणारा, आर्किया या निराळ्याच वर्गातला सूक्ष्मजीव प्रथमच वेगळा करण्यात आला. शोभेच्या टाकीच्या तळाशी असे काही दडलेले असू शकते, हे विज्ञानालाही इतक्या उशिरा कळले. ज्या मुलांना आपण काठोकाठ पाठांतर भरतो त्यांना हे वीस दिवस कोणी प्रत्यक्ष पाहू देईल काय?

कृती तशी कठीण नाही. दोनशे लिटरांच्या टाकीसाठी सागरी क्षारांचे तयार मिश्रण सात किलोंहून थोडे अधिक लागते, कारण समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरातले मीठ चालत नाही. आपल्या मिठागरांतले मीठ कितीही चांगले असले तरी तेही चालत नाही; मिठाचे खडे बनताना मॅग्नेशियमसारखे इतर क्षार बहुतांशी मागच्या पाण्यात राहून जातात, आणि समुद्रातील जीवांना तेही हवे असतात. मग दर्या इतका जवळ असताना त्याचेच पाणी का आणू नये, असा प्रश्न गोव्यात हमखास येतो. स्वच्छ किनाऱ्यावरचे, कोरड्या ऋतूतले पाणी आणता येईल. पण पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखांशी वरचे पाणी इतके गोडे होते की ते समुद्राचे म्हणण्यात अर्थ नसतो. नळाचे पाणी घेतले तर त्यातला क्लोरीन आधी घालवला पाहिजे, नाहीतर ज्यांची वाट पाहायची त्यांनाच आपण मारून टाकतो. पाण्याचे तापमान २५-२६ अंश सेल्सियस असावे आणि पंप अहोरात्र चालावा, कारण या सूक्ष्मजीवांना प्राणवायू लागतो.

आता त्यांना अन्न हवे. पुष्कळांनी येथे एक सुंगट कुजत ठेवण्याची युक्ती सांगितली आहे. ती लागू पडते; मात्र टाकी वर्गाजवळ असेल तर वर्ग टिकत नाही. त्याहून बरा उपाय नवसागराचा. कल्हईवाल्याकडे दिसणारा तो हाच, म्हणजे अमोनियम क्लोराइड. परंतु टाकीसाठी तो प्रयोगशाळेतला, शुद्ध असला पाहिजे. दोनशे लिटर पाण्यात सव्वा ग्रॅम नवसागर घातला की अमोनियाचे प्रमाण दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होते. दर एक दिवसाआड पाणी तपासावे. आरंभी अमोनियाच्या नळीत हिरवा रंग येतो. काही दिवसांनी तो पिवळ्याकडे झुकतो आणि नायट्राइटची नळी जांभळी होते. मग एके दिवशी तो जांभळा रंगही ओसरतो. २ मिलिग्रॅमचा अमोनिया पुन्हा घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही नळ्या शून्य दाखवू लागल्या म्हणजे टाकी मुरली. मधल्या काळात वाळूवर तपकिरी थर चढतो, काचेवर शेवाळ येते. या वेळी कर्तव्यदक्षतेने कोणी स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते.

ही सारी यातायात टाळण्यासाठी पूर्वी हौशी मंडळी व त्यांची पुस्तके एक सोपी वाट दाखवीत: चिवट जातीचे दोन-तीन स्वस्त मासे आधी सोडावेत, त्यांच्या मलाने सूक्ष्मजीव पोसले जातील, मासे जगले तर उत्तम, न जगले तर फार हानी नाही. ही वाट सर्वस्वी त्याज्य आहे असे माझे मत आहे. यावर एका सहकाऱ्याने मला जे विचारले ते येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. ‘दुपारी नुस्त्याचे हुमण जेवणाऱ्या आपण माशांची करुणा सांगावी काय?’ आक्षेप बिनतोड वाटतो, आणि हुमण मी सोडलेले नाही. परंतु जे नुस्ते आपण जेवतो ते भुकेसाठी धरलेले असते, आणि धरणाऱ्याने, विकणाऱ्याने वा रांधणाऱ्याने त्याविषयी कोणताही बहाणा केलेला नसतो. टाकीतला मासा आपण सांभाळतो असे सांगून आणतो. मुलांसमोर आपण त्याचे पालक म्हणून उभे असतो. सांभाळण्याचे वचन देऊन त्याला आठवडाभर विषात ठेवणे, आणि तेही तो स्वस्त आहे म्हणून, हे मला पटत नाही. शिवाय गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतांशी पैदास केलेले असतात, तर समुद्रातल्या शोभेच्या माशांच्या बहुतेक जाती प्रवाळखडकांवरून पकडूनच आणाव्या लागतात. केशरी पट्ट्यांचा विदूषक मासा त्याला सुखद अपवाद. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशातच सिद्ध केले आहे. शाळेने घ्यायचा तर तोच, पैदास केलेला घ्यावा.

दुकानांत जिवाणूंच्या बाटल्या मिळतात आणि एका दिवसात टाकी तयार होईल असे आश्वासन त्यांवर असते. बाटली चांगली असेल तर ती विरजणाचे काम करील. पण विरजण लावल्यावरही रात्र जावी लागते, आणि दही लागले की नाही हे भांडे उघडून पाहावे लागते. तपासणीच्या नळ्या तेव्हाही सुटत नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अशा टाकीला लोक ‘प्रवाळाची टाकी’ म्हणतात, आणि मग कोणाला तरी मालवणच्या किंवा आमच्या ग्रँड बेटाजवळच्या समुद्रातून एखादे पोवळ्याचे झाड आणण्याचा मोह होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणाऱ्या प्रवाळांचा आणि समुद्रघोड्यांचाही समावेश झाला; त्यांना समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. शाळेच्या टाकीत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक पुरतात. सूक्ष्मजीवांना त्यात काही न्यून वाटत नाही.

या वाट पाहण्याचे पालकांना नवल वाटू नये. मासेमारीची बंदी आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते, आणि तेवढा काळ होड्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या म्हणून कोणी त्यांना निरुपयोगी म्हणत नाही. माझी सूचना अशी की, टाकी पहिल्या दिवसापासूनच, रिकामीच, प्रवेशद्वारापाशी ठेवावी. शेजारी एक फळा असावा. त्यावर विद्यार्थ्यांनीच त्या दिवसाचा अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, क्षारता आणि तापमान लिहावे. आलेखाच्या कागदावर अमोनियाची रेषा उतरताना आणि नायट्राइटची चढताना जो विद्यार्थी स्वतः काढील, त्याला पाठ्यपुस्तकातले नायट्रोजनचक्र निराळे शिकवावे लागणार नाही. चतुर्थीची सुट्टी या काळात आली तर बरेच. मासे नसलेल्या टाकीला रोजचे खाद्य लागत नाही. वीज फार वेळ गेली तर पंपाची सोय पाहण्यापुरता कोणीतरी गावात राहिला म्हणजे झाले. मुरलेल्या टाकीतले पाणी थोडे बदलून प्रथम एक किंवा दोनच मासे सोडावेत. पुढचे मासे दोन-तीन आठवड्यांनी, नळ्या पुन्हा पाहून.

पाहुण्यांना बोलवायचे असेल तर अवश्य बोलवावे. मात्र निमंत्रणपत्रिका छापखान्यात धाडण्यापूर्वी तारखेची जागा कोरी ठेवावी, आणि ती तारीख मुख्याध्यापकांनी फळ्यावरचे आकडे पाहून भरावी.