तुमच्या संडासाची टाकी कोण उपसणार?

कारंजा लाडमध्ये नवे घर उभे राहते तेव्हा संडासाच्या फरशीचा रंग घरमालक स्वतः निवडतो. भांडे साधे घ्यायचे की कमोड, यावर घरात चर्चा होते. जमिनीखाली काय बांधायचे, ते मात्र गवंड्यावर सोडले जाते. आमचा सवाल तिथेच आहे. ती टाकी भरल्यावर उपसणार कोण?

याचे उत्तर जातिव्यवस्थेने आधीच ठरवून ठेवले आहे. मैला उपसायला ठरावीक वस्तीतलाच माणूस बोलावला जातो. बंद सेप्टिक टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू साचतात. आत उतरलेला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही प्राणाला मुकतो.

हाताने मैला सफाई करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, अमलात आला. संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटारात वा सेप्टिक टाकीत उतरवणे हा त्याच्या कलम ७ नुसार गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम नगरपरिषदेइतकेच घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. पण भरपाईने लेकरांचा बाप परत येत नाही.

म्हणून जागा असेल तर दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधा, असे आम्ही सांगतो. खड्ड्याची भिंत जाळीदार विटांची, तळ कच्चा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की चेंबरमधून वाट दुसऱ्याकडे वळवायची. बंद ठेवलेल्या खड्ड्यात दोन वर्षांत कोरडे, वास नसलेले खत तयार होते. ते घरमालकाने स्वतः काढून शेतात टाकावे. आपल्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तिथे खड्ड्याभोवती फूटभर रुंदीचा वाळू-गिट्टीचा थर द्यावा. विहीर, हातपंप किमान १५ मीटर दूर असावा. जागाच नसेल तर सेप्टिक टाकी बांधा; पण उपसा करणाऱ्या गाडीचा पाइप पोहोचेल अशाच ठिकाणी, आणि दर दोन-तीन वर्षांनी गाडीनेच उपसून घ्या.

नगरपरिषदेने बांधकाम परवानगी देताना नकाशात हे तपासावे, ही आमची मागणी आहे. ज्या संडासापायी दुसऱ्या माणसाला मैल्यात उतरावे लागते, तो कितीही चकचकीत असला तरी स्वच्छ नव्हे!