सँडर्स यांच्यानंतर कोणीच नाही?

बर्नी सँडर्स थकले, आता अमेरिकेतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा पुरोगामी गट आटोपल्यात जमा आहे, असं एका अभ्यासू गृहस्थांनी नुकतंच ठासून मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा गट म्हणजे एका माणसाची पुण्याई. तो माणूस राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी दोनदा उभा राहिला, दोनदा हरला, आणि 2028 च्या निवडणुकीत 87 वर्षांचा असेल. वारस म्हणून जिचं नाव घेतात ती अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ बाई आहे, न्यूयॉर्कची आहे, वर समाजवादी. तेव्हा पुरोगाम्यांनी शहाण्यासारखं एखाद्या मध्यममार्गी गव्हर्नरामागे उभं राहावं आणि जाहीरनाम्यात दोन ओळी मिळाल्या की समाधान मानावं.

हा शहाणपणा मला साफ नामंजूर आहे.

‘दोनदा हरले’ हा त्यांचा हुकमी एक्का. पण कसे हरले, ते सांगायची तसदी त्यांनी घेतलेली नाही. 2016 मध्ये सँडर्सना पक्षांतर्गत लढतीत सुमारे 1 कोटी 30 लाख मतं पडली. 2020 मध्ये आयोवात मतं त्यांनाच सर्वाधिक, मग न्यू हॅम्पशायर जिंकलं, नेवाडा तर मोठ्या फरकाने जिंकलं. पुढे दक्षिण कॅरोलायना आलं. तिथले वजनदार कृष्णवर्णीय नेते जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी जो बायडन यांना पाठिंबा दिला. 29 फेब्रुवारीला बायडन यांना जवळजवळ 49 टक्के मतं पडली आणि सँडर्सना 20. पुढच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार या प्रतिस्पर्धी उमेदवारांनी माघार घेऊन बायडन यांचा हात धरला. 3 मार्चला 14 राज्यांत मतदान झालं, त्यातली 10 बायडन यांनी घेतली. खेळ तिथेच संपला. 8 एप्रिलला सँडर्स यांनी मोहीम थांबवली.

आता यातली खरी गोष्ट. त्याच दिवसांत मत देऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारलं गेलं होतं, खाजगी विम्याऐवजी सर्वांना सरकारी आरोग्यविमा हवा का? सँडर्स जिथे हरले अशाही कित्येक राज्यांत बहुसंख्य डेमोक्रॅट मतदार ‘हो’ म्हणाले. म्हणजे कार्यक्रम लोकांना पटला होता. हा माणूस ट्रम्पना पाडेल, याची खात्री पटली नव्हती, आणि दक्षिणेतल्या वयस्कर कृष्णवर्णीय मतदारांना तर तो आपला वाटतच नव्हता. 2016 मध्ये दक्षिण कॅरोलायनात सँडर्सना 26 टक्के मतं होती. मधल्या चार वर्षांत त्यांच्या माणसांनी तिथे विश्वास कमावला नाही, हा दोष मी त्यांच्या पदरात घालतो. पण तो दोष उमेदवाराचा आणि मोहिमेचा. त्यावरून विचारच हरला असं म्हणणं म्हणजे आकडे न वाचता निकाल देणं.

‘नेता गेला, चळवळ संपली’ हे आपल्याकडेही जुनंच. शेतकऱ्यांची संघटना असो की गिरणगावातली कामगारांची, म्होरक्या खाली बसला रे बसला की शहरातले विद्वान तिचे मृत्युलेख लिहायला घेतात. त्याच वेळी तालुक्याच्या गावी कोणी कार्यकर्ता पीकविम्याचे अर्ज भरून देत असतो, कोणी कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत असतो. तो या विद्वानांना कधी दिसलाच नाही. हा वाद मी अनेकांशी घातला आहे आणि पुन्हा घालीन.

आता ओकासिओ-कॉर्टेझ यांच्याकडे वळू. बाई म्हणून हरेल? हिलरी क्लिंटन यांना 2016 मध्ये ट्रम्पपेक्षा 28 लाखांहून अधिक मतं होती. समाजवादी म्हणून हरेल? नोव्हेंबर 2025 मध्ये जोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आले तेच स्वतःला समाजवादी म्हणवून, एका माजी गव्हर्नराला हरवून. ती निवडणूक सँडर्स यांनी लढवली नव्हती.

मग नाव कोणाचं? ममदानींचा जन्म कंपालाचा, त्यामुळे राज्यघटनेने त्यांना राष्ट्राध्यक्षपद बंद आहे. चेन्नईत जन्मलेल्या पुरोगामी नेत्या प्रमिला जयपाल यांनाही तीच अट आडवी येते. फिलाडेल्फियात जन्मलेले रो खन्ना पात्र आहेत, सँडर्स यांच्या 2020 च्या मोहिमेचे सहअध्यक्ष होते, मुद्देसूद बोलतात. पण सिलिकॉन व्हॅलीच्या खासदाराला गोदामातला हमाल आपला म्हणेल, असं मला वाटत नाही.

माझं मत ओकासिओ-कॉर्टेझ यांना. 2018 मध्ये बारमध्ये काम केलेल्या या 28 वर्षांच्या मुलीने दारोदार फिरून, संसदेत पक्षाच्या चौथ्या क्रमांकावर असलेल्या जो क्रॉली यांना त्यांच्याच मतदारसंघात पाडलं. नोव्हेंबर 2024 मध्ये पक्षाचे नेते एकमेकांवर खापर फोडत होते, तेव्हा तिने आपल्याच मतदारांना जाहीर विचारलं: तुम्ही मलाही मत दिलंत आणि ट्रम्पनाही, ते का? उत्तरं आली, ती तिने लोकांपुढे ठेवली. हरल्यानंतर मतदाराला दोष न देता त्याचं ऐकून घेणारा नेता मला त्या पक्षात दुसरा दिसला नाही.

तिने आता प्रचंड सभांवर विसंबू नये. दक्षिण कॅरोलायनातल्या चर्चमध्ये, छोट्या गावांत आजपासून जावं, आणि भाषण कमी करून ऐकावं जास्त. 2020 मध्ये तिथे मत देणाऱ्या डेमोक्रॅटांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. उमेदवार तेच ठरवतात.