पंधरा मिनिटांची भुर्जी

पनीर भुर्जीची कृती सांगणारा प्रत्येक जण आधी एक वाक्य टाकतो : 'अगदी सोपी, पंधरा मिनिटांत होते.' मैत्रिणींनो, माझं भांडण या पंधरा मिनिटांशी आहे.

कढईत तेल तापल्यापासून वर कोथिंबीर पडेपर्यंत मोजलं तर पंधरा मिनिटं खरीच. पण चार माणसांच्या भुर्जीला पाव किलो पनीर लागतं. ते घरी करायचं तर म्हशीचं सव्वा लिटर दूध तापवायचं, उतू जाऊ नये म्हणून समोर उभं राहायचं, उकळी आली की लिंबाचा रस थोडा थोडा घालत ढवळायचं, हिरवट पाणी सुटलं की फडक्यातून गाळायचं, आंबटपणा जाईपर्यंत गार पाण्यात धुवायचं आणि टांगून ठेवायचं. भुर्जीसाठी वजनाखाली दाबून वडी पाडावी लागत नाही, एवढीच सवलत. कांदे, टोमॅटो, मिरच्या बारीक चिरायच्या, आलं-लसूण सोलून ठेचायचं. कांदा गुलाबी होईपर्यंत आणि टोमॅटोला तेल सुटेपर्यंत हलवत राहायचं, मग हळद, तिखट, कांदा-लसूण मसाला. पनीर सगळ्यात शेवटी आणि दोन-तीन मिनिटंच, नाहीतर चिवट होतं. म्हणजे ताटं मांडून सगळे बसले की ही उभीच. पोळ्या तर कुणी हिशेबात धरतच नाही. दुधाच्या पातेल्याचा करपलेला तळ घासणं हे कुठल्याही पाककृतीत छापलेलं मला आढळलेलं नाही.

आपल्या घरांतून पनीर हे मूळचं नव्हे, ते उत्तरेकडून हॉटेलांच्या वाटेनं आलं. आज्यांच्या काळात दूध नासलं की सुनेची खरडपट्टी निघे. लक्ष कुठं होतं, भांडं नीट घासलं नव्हतंस का, म्हणून. आता तेच दूध तिनं मुद्दाम नासवायचं. आणि भुर्जी तरी कुणाची? रात्री स्टेशनबाहेर अंड्याच्या गाडीवर उलथन्याचा ठेका धरतो तो पुरुष. त्याची गाडी नावानं ओळखली जाते, त्याच्या हाताला चव असते आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं. उलथनं तेच, पण उंबऱ्याच्या आत आलं की त्याचं मोल शून्य.

मी मावळात काम करते. इथं दुधाचा हिशेब फार चोख असतो. पहाटे बाई किटली घेऊन संकलन केंद्रावर जाते. लिटर मोजतात, फॅट लागते, एसएनएफ लागतं, चिठ्ठी हातात पडते. टाटा पॉवरच्या पाठबळानं मावळात सगळ्या सभासद बायकाच असलेली दूध उत्पादक कंपनी उभी राहिली, तेव्हा दुधाचे पैसे बाईच्या नावावर येऊ लागले. गोठ्यात शेण काढणारी तीच, वैरण आणणारी तीच. निदान पैसा तिचा झाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच किटलीतलं लिटर-दीड लिटर दूध तिनं घरी ठेवलं, त्याचं पनीर केलं, भुर्जी केली, की चिठ्ठी फाटली. केंद्रावर कच्च्या दुधाला भाव मिळतो. त्यात तिची अक्कल आणि दोन तास मिसळले की भाव वाढायला हवा, तर तो संपतोच. असं उलटं अर्थशास्त्र दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालतं?

सरकारनं हे मोजलेलं आहे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं निघालं, पुरुष ९७. तेही जे पुरुष काही करतात त्यांचीच सरासरी. असे पुरुष शंभरात २६. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, ती पुरुषांनी उचलली म्हणावं, तर त्यांचीही नऊ घटली!

न्यायालयानंही मोजलेलं आहे, पण कधी? बाई मेल्यावर. दिल्लीत एक जोडपं अपघातात गेलं, त्या नुकसानभरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे असं स्पष्ट सांगितलं. न्यायमूर्ती रमणा यांनी आपल्या निकालपत्रात २९९ आणि ९७ हेच आकडे घेतले. निकाल चांगलाच आहे. पण जिचं मोल ठरलं ती ते ऐकायला हयात नव्हती.

जितेपणी मोल मिळतं ते दुसऱ्याच्या घरी. ते किती, हे लोणावळ्यात बघा. शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या उतरायला लागतात. तुंगार्ली, खंडाळा, पवनेचा काठ, जिकडे तिकडे भाड्याचे बंगले. 'घरगुती जेवण मिळेल' ही त्यांची जाहिरात. घर कुणाचं? मळवली-भाजे भागातून चालत, रिक्षानं येणाऱ्या बाईचं तर नाही. पाहुण्यांत दोन-चार शाकाहारी असतातच, आणि त्यांच्यासाठी ठरलेली फर्माईश पनीर भुर्जी. 'सोपी' असते ना! एक जण मला म्हणाली, "ताई, दहा माणसं सांगतात आन् अठरा येतात. रात्री अकराला परत भुर्जी टाका म्हणतात. पैसे दहाचेच." पाहुण्यांकडून जेवणाचे पैसे माणशी घेतात, बाईला मात्र दिवसावर देतात. आणि वर तिला म्हणायचं 'मावशी'. मावशीशी कोण दराची बोलणी करणार? आपल्या भाषेतलं इतकं मायेचं नातं मजुरी बुडवायला वापरलं जातं, याची मला चीड येते.

मावशी म्हणतात आणि जातही विचारतात. २०१७ च्या सप्टेंबरात पुण्यात एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकवालीनं जात लपवून आपलं सोवळं बाटवलं, अशी पोलिसांत तक्रार केली होती. गदारोळ झाला, मग त्यांनी तक्रार मागे घेतली. पण तक्रार करावीशी वाटली आणि पोलिसांनी लिहूनही घेतली! बाई म्हणून सगळ्या बहिणी, हे आपण सभेत म्हणतो तेव्हा या स्वयंपाकघराची आठवण ठेवू या.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. तो नोंदणी करतो, कल्याणाची भाषा बोलतो. बाईला किती दर द्यावा आणि कामाचे तास किती, हे ठरवत नाही.

'आमच्याकडे रविवारी हेच करतात भुर्जी' असं बऱ्याच जणी कौतुकानं सांगतात. करू देत. पण कांदे चिरून कोण देतं, ओटा कोण पुसतं आणि सोमवारी कोण करतं, हेही त्याच दमात सांगावं. आणि 'प्रेमानं केलेल्याचा हिशेब कसला?' असं विचारणाऱ्यांना माझा साधा प्रश्न : तुमचं प्रेम मग २८९ मिनिटांचं का नाही?

आमच्या गटातल्या बंगल्यांवर जाणाऱ्या बायकांनी या पावसाळ्याआधी बसून एक कागद केला. आठ माणसांपर्यंत एक दर, पुढं माणशी वेगळे. भांडी वेगळी. रात्री नवानंतर थांबवलं तर घरापर्यंत सोडायचं. पनीर विकतचं आणलं तर एक दर, घरी करायला सांगितलं तर त्याचा वेळ धरून दुसरा. दोघींना एका बंगल्यानं बोलावणं बंद केलं आहे. त्यांच्या जागी गटातली दुसरी कुणी गेलेली नाही, अजून तरी.