साहेब, खरं काय?

पावसाळ्यातली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. कोल्हापुरात पंचगंगा चढतेय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक ऑडिओ क्लिप फिरायला लागते. ‘राधानगरीचे दरवाजे उघडलेत, धरण धोक्यात आहे, निघा लवकर.’ बोलणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. पण आजी देवासमोर जाऊन बसते, काका गाडीची किल्ली शोधायला लागतात आणि तुम्ही ती क्लिप आणखी चार ग्रुपवर ढकलता. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या’ असं वर लिहून!

त्याच वेळी शहरात एका माणसाचा फोन सतत वाजत असतो. पलीकडून कुणी पत्रकार विचारतो, ‘साहेब, खरं काय?’

हा माणूस म्हणजे जिल्हा माहिती अधिकारी. सरकार आणि माध्यमं यांच्या मध्ये बसलेला. त्या रात्री त्याला पाटबंधारेवाल्यांना फोन लावून खात्री करायची असते. मग साध्या मराठीत सांगायचं असतं, की राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की ते आपोआप उघडतात. ते उघडले म्हणून धरण धोक्यात येत नाही, धरण सुरक्षित राहावं म्हणूनच ते बसवलेत. मात्र नदी आता आणखी चढेल, तेव्हा सुतारवाडा, चिखली, आंबेवाडीच्या लोकांनी वाट बघत बसू नये. नुसतं ‘इतके क्युसेक विसर्ग सुरू’ एवढंच लिहून पाठवलं, तर ती प्रेसनोट होते. माझ्या घरात पाणी येणार का, हे त्यातून कळलं तर ती माहिती होते.

दोस्तहो, आज याच कामाबद्दल बोलायचंय. कारण पत्रकारितेच्या कॉलेजात किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या तुमच्यापैकी काहीजणांच्या मनात ही नोकरी आहे. आणि त्याबद्दल गैरसमजही भरपूर आहेत.

पहिला गैरसमज म्हणजे हे काम सरकारची वाहवा करायचं आहे. बाहेरून तसं दिसतं खरं. मंत्र्यांचा दौरा, फीत कापतानाचा फोटो, ‘यांच्या शुभहस्ते’ अशी बातमी. हे सगळं या कामात आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण दिवस सुरू होतो तो सकाळचे सगळे पेपर वाचून. कुठल्या गावात टँकर आला नाही, कुठल्या दवाखान्यात औषध नाही, अशा बातम्यांची कात्रणं काढायची आणि संबंधित अधिकाऱ्यांपुढे ठेवायची. बातमी चुकीची असेल, तर खुलासा पाठवायचा. मग पत्रकार परिषदा, टीव्हीवाल्यांचे बाईट, पत्रकारांच्या अधिस्वीकृती पत्रिकेची कामं. निवडणूक लागली की पेड न्यूजवर लक्ष ठेवण्याचं काम. महाराष्ट्रात हा सगळा डोलारा माहिती व जनसंपर्क महासंचालनालय सांभाळतं. ‘लोकराज्य’ मासिक त्यांचंच, आकाशवाणीवरचा ‘दिलखुलास’ही त्यांचाच.

आता त्या कात्रणांकडे परत येऊ, कारण खरी परीक्षा तिथंच असते. दवाखान्यात औषध नाही, ही बातमी खरी निघाली तर काय करायचं? वरून फोन येतो, ‘खुलासा टाका.’ खुलासा या शब्दाचा अर्थ उलगडून सांगणं. पण व्यवहारात त्याचा अर्थ ‘तसं काही नाहीच’ असा होऊन बसलाय. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, ‘औषधांचा पुरेसा साठा उपलब्ध आहे’ असं गुळगुळीत वाक्य लिहून मोकळं व्हायचं. दुसरा, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं, ‘सर, साठा नाहीये. तो कधी येणार ते सांगू या, लोक समजून घेतील.’ दुसऱ्या रस्त्याला हिंमत लागते. कधी बोलणी खावी लागतात. पण या नोकरीचा पगार त्याच वाक्यासाठी मिळतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यावर कुणी म्हणेल, लोकांच्या भल्यासाठी कधी कधी खोटंही बोलावं लागतं! त्यासाठी उदाहरणही आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी डिसेंबर आणि जानेवारीत शहर दंगलीत होरपळून निघालं होतं. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी टीव्हीवरून माहिती देताना स्फोटांच्या ठिकाणांमध्ये एका मुस्लीमबहुल भागाचंही नाव जोडलं. तिथं स्फोट झालेलाच नव्हता. पुन्हा दंगल पेटू नये म्हणून आपण मुद्दाम तसं सांगितलं, हे त्यांनीच पुढं जाहीरपणे अनेकदा सांगितलंय.

ते बरोबर होतं की चूक, यावर कट्ट्यावर रात्रभर वाद घालता येईल. शहर वाचवायचं असताना घेतलेला तो निर्णय होता आणि तो घेणाऱ्यानं स्वतःच्या नावावर घेतला. पण दोन गोष्टी विसरू नका. एक तर तेव्हा मोबाइल नव्हता. आज कुणी तसं बोललं, तर त्याच भागातला एखादा पोरगा दहा मिनिटांत लाइव्ह येऊन दाखवेल, ‘इथं तर काहीच झालेलं नाही.’ मग पुढच्या वेळी सरकार खरं सांगेल, तेव्हाही लोक हसतील. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, दंगल टाळण्यासाठीचं खोटं आणि रिकामं औषधाचं कपाट झाकण्यासाठीचं खोटं, यांना एका तराजूत तोलता येत नाही. रोजच्या कामात येतं ते दुसऱ्या प्रकारचं.

सरकारनं अफवा खोडून काढावी, ही अपेक्षा योग्यच आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं म्हणजे पीआयबीचं फॅक्ट चेक युनिट २०१९ पासून ते काम करतंय. पण सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा आहे की नाही, हे सरकारनंच नेमलेल्या युनिटनं ठरवायचं आणि समाजमाध्यमांवर तो बंधनकारक ठरवायचा, अशी तरतूद २०२३ मध्ये नियमांत आली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. यातून आपल्यापुरता धडा सोपा आहे. ‘हे खोटं आहे’ असं म्हणायचा हक्क सरकारलाही आहे. पण ते शिक्का मारून चालत नाही, पुराव्यानं पटवावं लागतं.

आणखी एक अवघड जागा सांगतो. बातमी देणारी हीच यंत्रणा वृत्तपत्रांना सरकारी जाहिरातीही देते. छोट्या साप्ताहिकाला ती जाहिरात म्हणजे महिन्याचा आधार असतो. ‘जरा सांभाळून लिहा’ एवढं म्हटलं तरी पुढचं न बोलता समजतं. हे वाक्य तोंडातून निघू न देणं, ही सुद्धा या कामातली प्रामाणिकपणाची एक बाजू. ती कुठल्याच परीक्षेत विचारत नाहीत.

मग या क्षेत्रात जावं का? जरूर जावं. राज्यात एमपीएससीमार्फत माहिती अधिकाऱ्यांची पदं भरली जातात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय माहिती सेवेत जाता येतं. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आपल्या अमरावतीतही आहे. शिवाय अनेक खात्यांना सोशल मीडिया सांभाळणारी पोरं कंत्राटावर लागतात. रील बनवता येतं, कॅप्शन जमते, एवढ्या भांडवलावर काम मिळूही शकतं. पण ते खातं कुणा साहेबाचं नसतं, नागरिकांच्या पैशातून चालतं, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ काढून वाचा. लोकांनी मागण्याआधीच शासकीय कार्यालयांनी आपणहून माहिती जाहीर करावी, असं ते सांगतं. म्हणजे तुम्ही माहिती देता ते उपकार म्हणून नाही, कायद्यानं ठरवून दिलंय म्हणून.

आणि ज्यांना ही नोकरी करायचीच नाही, त्यांच्यासाठीही थोडं. क्लिप पुढं ढकलण्याआधी जिल्हा प्रशासनाचं अधिकृत पान एकदा उघडून बघा. तिथं काहीच नसेल, तर विचारा. प्रश्न आले नाहीत, तर उत्तर द्यायची सवय कुणालाच लागत नाही.

पुन्हा त्या रात्रीकडे येऊ. फोन वाजतोय, धरणावरचा नेमका आकडा अजून हातात आलेला नाही. अशा वेळी अंदाजे काहीतरी ठोकून देणं सोपं असतं आणि फोन न उचलणं त्याहून सोपं. पण चांगला माहिती अधिकारी म्हणतो, ‘आत्ता माझ्याकडे पक्की माहिती नाही. चार वाजता सांगतो.’

आणि बरोबर चार वाजता तो स्वतःहून फोन करतो.

हे तुम्हाला जमणार असेल, तर अर्ज भरा. तिथं तुमची गरज आहे.