भुताच्या चित्रपटातला पुरावा

भुताखेतांचे चित्रपट मुलांना दाखवावेत की नाही, हा वाद जुना आहे. दाखवू नयेत म्हणणारे विज्ञानाच्या बाजूचे आणि दाखवले तर काय बिघडले म्हणणारे करमणुकीच्या बाजूचे, अशी वाटणी आपण सहसा करून टाकतो. विद्यार्थी मित्रहो, मला ही वाटणी मान्य नाही. मी विज्ञानाच्या बाजूचा आहे, आणि तरीही तुम्ही असा एखादा चित्रपट जरूर पाहावा असे माझे मत आहे. मात्र पाहताना हाताशी कागद-पेन्सिल असू द्या. ती कशासाठी, हे एका जुन्या चित्रपटाच्या आधारे सांगतो.

चित्रपटाचे नाव 'द नाइट स्टॉकर'. रात्री चोरपावलांनी सावजाच्या मागावर राहणारा, असा त्याचा अर्थ. तो चित्रपटगृहासाठी काढलेला नव्हता. अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने तो मुद्दाम छोट्या पडद्यासाठी करवून घेतला आणि ११ जानेवारी १९७२ रोजी दाखवला. (आपल्या मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते त्याच वर्षी २ ऑक्टोबरला!) जेमतेम सव्वा तासाचा हा चित्रपट. पण दूरचित्रवाणीसाठी काढलेल्या कोणत्याही चित्रपटाला त्या दिवसापर्यंत इतके प्रेक्षक मिळाले नव्हते. रिचर्ड मॅथेसन यांनी त्याची पटकथा लिहिली होती आणि डॅरन मॅक्गॅव्हिन या नटाने त्यात कार्ल कोल्चाक नावाच्या वार्ताहराचे काम केले होते.

कथा घडते लास व्हेगास शहरात. जुगारघरातील रात्रपाळी संपवून एक तरुणी एकटीच घरी निघते. कोणीतरी तिच्या मागावर असते. सकाळी तिचे प्रेत सापडते. मग दुसरी तरुणी, मग तिसरी. शवविच्छेदनात दिसते की मानेवर जखम आहे, जखमेत लाळ आहे आणि शरीरात रक्त जवळजवळ उरलेलेच नाही. एक प्रेत तर वाळूच्या मध्यावर सापडते आणि भोवती पाऊलखुणा नाहीत. पुढे रुग्णालयातून रक्ताच्या बाटल्याही चोरीला जातात.

इथपर्यंत कोल्चाक कसा विचार करतो ते पाहा, कारण मला हा भाग फार आवडतो. तो लगेच "भूत! भूत!" असे ओरडत सुटत नाही. तो म्हणतो, हा कोणी वेडा माणूस असावा आणि आपण रक्तपिशाच आहोत असे त्याला वाटत असावे. दिसलेल्या सगळ्या गोष्टींचा मेळ घालणारे आणि जगाच्या माहीत असलेल्या नियमांना धक्का न लावणारे असे हे अनुमान आहे. प्रयोगवहीत लिहिण्याजोगे! मग एका रात्री तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो की पोलिसांच्या गोळ्या त्या माणसाला लागतात, तरी तो पळतच राहतो. तेव्हा कोल्चाक आपले अनुमान बदलतो. नवे निरीक्षण आले, जुने अनुमान पुरेना, तेव्हा ते सोडून दिले. यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

चुकते ते आपले, प्रेक्षकांचे. कोल्चाक रक्तपिशाचाची गोष्ट काढतो तेव्हा पोलीसप्रमुख आणि सरकारी वकील त्याला हसतात, आणि आपल्याला त्यांचा राग येतो. आपल्याला ते मूर्ख वाटतात. का वाटतात? पिशाच आपण पडद्यावर पाहिलेले असते म्हणून. पण ते पिशाच लेखकाने निर्माण केले आहे. गोळ्या लागूनही तो पडत नाही, कारण त्याने पडू नये असे लेखकाने ठरवले आहे. उत्तर आधी लिहून ठेवायचे आणि मग ज्याला ते येत नाही त्याला नापास करायचे, असली ही परीक्षा. भुताच्या बहुतेक चित्रपटांत शंका घेणारा माणूस एक तर हटवादी असतो किंवा लबाड, आणि शेवटी त्याची फजिती होते. शंभर चित्रपटांत शंभर वेळा हेच पाहिले की शंका घेणे म्हणजेच मूर्खपणा, असे मनात कुठेतरी मुरते. भुताच्या भीतीपेक्षा मला या मुरण्याची काळजी अधिक वाटते.

आता ती पेन्सिल काढा. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. जेवून तट्ट झालेल्या माणसाच्या जठरात फार तर दीड लिटर मावते. मग उरलेले साडेतीन लिटर जाते कोठे? शिवाय रक्त शरीरात फिरते ते हृदयाच्या दाबामुळे. दोन लिटरच्या आसपास रक्त गेले की दाब इतका उतरतो की हृदय बंद पडण्याची वेळ येते. हृदय थांबले की उरलेले रक्त मानेच्या जखमेपर्यंत आणणार कोण? नुसते ओढून शरीर कोरडे करता येणार नाही.

दुसरे गणित त्याहून सोपे आहे. रक्तपिशाचाने मारलेला माणूस स्वतः रक्तपिशाच होतो, असे या कथांतून सांगतात. समजा, आज एक पिशाच आहे आणि प्रत्येक पिशाच रोज रात्री एकच माणूस मारते. उद्या दोन, परवा चार, मग आठ. दहा रात्रींनंतर १,०२४. वीस रात्रींनंतर दहा लाखांच्या वर. तेहतिसाव्या रात्रीनंतर संख्या होते ८५८ कोटींच्या पुढे, आणि पृथ्वीवरच्या माणसांनी ८०० कोटींचा आकडा गाठला तो २०२२ साली. म्हणजे पहिले पिशाच निघाल्यापासून पाच आठवड्यांच्या आत चावायला माणूस उरणार नाही. तुम्ही हा लेख वाचत आहात, त्या अर्थी ते पहिले पिशाच अजून निघालेले नाही!

आणखी एक गंमत. कोल्चाक शेवटी पिशाचाच्या घरात शिरतो, पडदे ओढून सकाळचे ऊन आत घेतो आणि त्या उन्हाने पिशाच लोळागोळा होते. उन्हाने पिशाच मरते हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो. त्याची शक्ती तेवढी कमी होते. ऊन लागून मरण्याची कल्पना रूढ झाली ती १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटामुळे. म्हणजे पंचवीस वर्षांत पिशाचाचा स्वभावच बदलला. पाणी कोणत्या तापमानाला उकळते हे असे लेखकागणिक बदलत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे कशाला? करमणूक आहे, पाहावी आणि सोडून द्यावी. मीही तसेच म्हटले असते. पण हीच कथा एकदा खरोखरच्या माणसांनी खरी मानली होती, आणि तीही फार जुन्या काळी नव्हे.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर नावाचे खेडे आहे. तेथील ब्राउन कुटुंबात क्षयरोग शिरला. १८८३ साली आई गेली, मागोमाग थोरली मुलगी गेली. काही वर्षांनी मुलगा एडविन आजारी पडला. हवापालटासाठी त्याला दूर कोलोरॅडोला पाठवले, पण गुण आला नाही. दरम्यान त्याची एकोणीस वर्षांची बहीण मर्सी हिलाही रोगाने गाठले आणि जानेवारी १८९२ मध्ये ती वारली. एडविन दिवसेंदिवस वाळत चालला होता. शेजारीपाजारी म्हणू लागले की मेलेल्यांपैकी कोणीतरी रात्री येऊन त्याचे रक्त शोषत आहे. वडिलांचा या गोष्टीवर विश्वास नव्हता. पण घरातली तीन माणसे गेली, चौथा त्या वाटेवर, आणि सारे गाव एका बाजूला. अखेर त्यांनी संमती दिली.

मार्च महिन्यात तिघींची प्रेते तपासली. आई आणि थोरली मुलगी यांचे सांगाडेच उरले होते. मर्सीचे शरीर मात्र फारसे बिघडले नव्हते आणि तिच्या हृदयात रक्त होते. झाले! गावाला पुरावा मिळाला. तेथे हजर असलेल्या डॉ. हॅरल्ड मेटकाफ यांनी सांगितले की यात काहीच अस्वाभाविक नाही. मर्सीला जाऊन दोनच महिने झाले होते; ते कडक हिवाळ्याचे दिवस, आणि तिचे प्रेत जमिनीत न पुरता दगडी कोठीत ठेवलेले. थंडीत कुजण्याची क्रिया मंदावते, हे दुधाचे भांडे सांभाळणाऱ्या कोणालाही कळावे. तिच्या फुप्फुसांत क्षयाच्या खुणाही त्यांना दिसल्या. कोणी ऐकले नाही. हृदय काढून जाळले आणि त्याची राख औषध म्हणून एडविनला पाजली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला.

तारखा नीट पाहा. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे तब्बल दहा वर्षे आधी. एकाच घरातली माणसे एकामागून एक का जात होती, याचे उत्तर तेव्हा छापून आलेले होते. एडविनला बरे करणारे औषध त्या वेळी कोणाजवळच नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. पण रोगी वेगळा ठेवणे, खोलीत वारा खेळू देणे, थुंकीची काळजी घेणे हे जमण्याजोगे होते. रात्री येणाऱ्या पिशाचाकडे डोळे लावून बसलेल्या घराला हे सुचणार कसे?

'द नाइट स्टॉकर'वर माझा मोठा आक्षेप आहे तो याच जागी. चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासातली भीती अगदी खरी आहे. रात्रपाळीहून एकट्या परतणाऱ्या बाईच्या मागे कोणीतरी चालत राहणे, हा काही कल्पनेचा खेळ नव्हे. आपल्या देशात असा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलम २०१३ साली कायद्यात घालावे लागले. पण पाठलाग करणारा पिशाच निघाला की सारे प्रश्न सुटल्यासारखे होतात. रस्त्यावर दिवे का नव्हते? तिला घरी पोचवण्याची व्यवस्था का नव्हती? पहिल्या खुनानंतर शहरातल्या बायकांना सावध का केले नाही? खुंटी ठोकली की पिशाच संपते आणि हे प्रश्नही त्याच्याबरोबर पुरले जातात.

मात्र त्या पोलीसप्रमुखांची बाजू मी सरसकट घेणार नाही. त्यांनी शंका घेतली, हे ठीकच केले. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. लोक घाबरतील आणि शहराचा धंदा बुडेल म्हणून त्यांनी माहिती दाबली. शेवटी कोल्चाकला शहरातून हाकलून दिले आणि बळींची प्रेते जाळून टाकली. तपासायला काही शिल्लकच ठेवले नाही. शंका घेणे आणि दडपणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. डॉ. मेटकाफ यांनी शंका घेतली, पण जे दिसले ते सर्वांसमोर सांगितले. प्रॉव्हिडन्स शहरातल्या वृत्तपत्राने त्याच महिन्यात ती सारी हकिगत छापली, आणि म्हणून मर्सीच्या फुप्फुसांत काय होते ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी तुम्हाआम्हाला वाचता येते. कोल्चाकची खरी बातमी त्याच्या वृत्तपत्रात आलीच नाही. चित्रपट संपतो तेव्हा तो एका खोलीत एकटा बसलेला असतो, आणि त्याच्याजवळ असते ती फक्त त्याच्याच आवाजाची ध्वनिफीत.