विश्लेषण : एक्स-रे स्वच्छ दिसतो, पण डोस जास्त तर नाही ना?

खोकल्याने बेजार झालेली ४ वर्षांची मुलगी एक्स-रे काढून बाहेर येते आणि तिच्या मागे रांगेत असलेले ९० किलो वजनाचे गृहस्थ आत जातात. खोली तीच, यंत्रही तेच. थोड्या वेळाने दोघांच्याही घरच्यांच्या मोबाइलवर छातीचे स्वच्छ चित्र येऊन पडते. या दोघांच्या मध्ये तंत्रज्ञाने यंत्राची सेटिंग बदलली होती का? चित्राकडे पाहून ते सांगता येत नाही. डिजिटल एक्स-रेची हीच मोठी सोय आहे आणि मोठी अडचणही हीच.

एक्स-रेचे एक्स्पोजर ठरते कसे?

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म रॉन्टजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. तेव्हापासून यंत्रे खूप बदलली, पण मूळ तत्त्व तेच राहिले. नळीत इलेक्ट्रॉन वेगाने धातूवर आदळतात आणि त्यातून क्ष-किरण निघतात. तंत्रज्ञाच्या हाती त्यासाठी मुख्यतः दोन आकडे असतात. पहिला केव्हीपी, म्हणजे नळीला दिलेला किलोव्होल्टमधील दाब. किरण शरीरातून किती आरपार जातील हे त्यावर ठरते. दुसरा एमएएस, म्हणजे विद्युतप्रवाह गुणिले वेळ. किरण किती निघतील हे त्यावर ठरते. एमएएस दुप्पट केला की रुग्णाला मिळणारी मात्राही दुप्पट होते. केव्हीपीचे गणित इतके सरळ नाही. तो साधारण १५ टक्क्यांनी वाढवला, तर तेवढाच उजळपणा निम्म्या एमएएसमध्ये मिळतो आणि रुग्णाचा डोस कमी होतो. मात्र चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा फरक थोडा फिका पडतो.

तिसरी गोष्ट अंतराची. नळी १०० सेंटिमीटरऐवजी १८० सेंटिमीटरवर नेली, की तेवढ्याच सेटिंगला किरणांची तीव्रता एक तृतीयांशाच्याही खाली येते. म्हणूनच स्टँडवर उभे राहून काढायच्या एक्स-रेची सेटिंग खाटेवरच्या पोर्टेबल यंत्राला जशीच्या तशी लावता येत नाही.

प्रत्येक रुग्णासाठी सेटिंग वेगळी का?

कारण किरण अडवण्याची प्रत्येक शरीराची क्षमता वेगळी असते. ढोबळ नियम असा, की शरीराचा भाग ४ ते ५ सेंटिमीटरने जाड झाला की एमएएस दुप्पट लागतो. हाताच्या बोटांसाठी ५० ते ६० केव्हीपी पुरतो, तर प्रौढाच्या छातीसाठी स्टँडवर ११० ते १२५ केव्हीपी वापरला जातो. आजारानेही गणित बदलते. छातीत पाणी झाले असेल तर किरण जास्त लागतात. फुप्फुसे हवेने फुगलेली असतील तर कमी पुरतात. हाताला प्लास्टर असेल तर सेटिंग पुन्हा वाढवावी लागते. एकच ठरीव आकडा सर्वांना लावणे म्हणजे एकाच मापाचे कपडे सगळ्या घराला घालण्यासारखे आहे.

फिल्मच्या काळात चूक कशी कळत असे?

फिल्म चुगली करत असे. किरण जास्त झाले की ती काळीठिक्कर निघे, कमी पडले की पांढुरकी. दोन्ही वेळा डॉक्टर ती परत पाठवत आणि तंत्रज्ञाला पुन्हा एक्स-रे काढावा लागे. फिल्म वाया जात असल्याने मालकाच्या खिशालाही झळ बसे. त्यामुळे योग्य सेटिंग ठेवणे सगळ्यांच्याच हिताचे होते.

डिजिटल डिटेक्टरने हा धागा तोडला. हा डिटेक्टर फिल्मपेक्षा कितीतरी मोठ्या मर्यादेतील किरण टिपतो आणि संगणक चित्राचा उजळपणा आपोआप सावरतो. गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट किरण सोडले, तरी पडद्यावर चित्र छानच दिसते. किरण कमी पडले तर मात्र चित्रात वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात. अशा दाणेदार चित्रात हाडाची बारीक चीर किंवा फुप्फुसातला छोटा डाग निसटू शकतो.

‘डोस क्रीप’ म्हणजे काय?

वरच्या परिस्थितीत तंत्रज्ञ काय करेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. सेटिंग कमी पडली तर डॉक्टरांकडून बोलणी बसतात आणि जास्त झाली तर कोणीच काही बोलत नाही. त्यामुळे आकडा हळूहळू वर सरकत जातो. आज थोडा, पुढच्या महिन्यात आणखी थोडा. रेडिओलॉजीत याला ‘डोस क्रीप’ म्हणतात, म्हणजे नकळत चढत जाणारा डोस. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. दाणेदार चित्र नको म्हणून प्रत्येक जण थोडी ‘सेफ साइड’ धरतो आणि त्या सुरक्षिततेची किंमत रुग्णाच्या खात्यात जमा होते.

हे मोजण्याची सोय आहे का?

आहे आणि तीही सोपी. डिटेक्टरपर्यंत किती किरण पोहोचले, हे सांगणारा ‘एक्स्पोजर इंडेक्स’ डिजिटल यंत्रे दाखवतात. पूर्वी प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असे. काहींचा आकडा डोस वाढला की वाढत असे, तर काहींचा उलट कमी होत असे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्रज्ञान आयोगाने, म्हणजे आयईसीने, त्यासाठी समान मानक आणले. त्यातला ‘डेव्हिएशन इंडेक्स’ सर्वांत उपयोगाचा. तो शून्य असेल तर एक्स्पोजर ठरवलेल्या लक्ष्याइतके. अधिक ३ म्हणजे लक्ष्याच्या दुप्पट आणि उणे ३ म्हणजे निम्मे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवायला हव्यात. हा आकडा डिटेक्टरचा आहे, रुग्णाच्या शरीराने घेतलेल्या डोसचा नाही. आणि लक्ष्यच चुकीचे ठरवले असेल, तर शून्यालाही अर्थ उरत नाही.

यंत्र स्वतःच एक्स्पोजर ठरवत नाही का?

अनेक यंत्रांत स्वयंचलित नियंत्रण असते. रुग्ण आणि डिटेक्टर यांच्यामध्ये साधारणतः तीन संवेदक असतात. पुरेसे किरण पोहोचले की ते नळी बंद करतात. पण रुग्ण नीट उभा नसेल, चुकीचा संवेदक निवडला असेल किंवा संवेदकासमोर खुब्याचा धातूचा कृत्रिम सांधा आला असेल, तर यंत्राची फसगत होते. किरण पोहोचलेच नाहीत असे समजून ते एक्स्पोजर लांबवत राहते. लहान बाळाचे शरीर तर संवेदकांच्या जागेपेक्षाही लहान असते, तिथे हे नियंत्रण भरवशाचे नसते. पोर्टेबल यंत्रांवर बहुधा सेटिंग हातानेच करावी लागते. म्हणजे फिरून जबाबदारी माणसावरच येते.

एका एक्स-रेने धोका किती?

फार कमी. प्रौढाच्या छातीच्या एका एक्स-रेचा डोस सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट असतो. माती, हवा, अन्न आणि अवकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतोच. म्हणजे छातीचा एक एक्स-रे सुमारे ३ दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतका. कंबरेच्या मणक्याचा एक्स-रे मात्र १ ते १.५ मिलिसिव्हर्टपर्यंत जातो. त्यामुळे डॉक्टरांनी गरजेचा म्हणून सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळणे चुकीचे. क्षयरोग किंवा न्यूमोनिया वेळेत न कळण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग काळजी कशाची? काळजी आहे ती उगाच जाणाऱ्या मात्रेची. ज्याने निदानात काडीची भर पडत नाही, तो डोस कितीही लहान असला तरी अनावश्यकच. आणि हे एका रुग्णापुरते राहत नाही. चढलेली सेटिंग त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला लागते.

लहान मुलांबाबत वेगळा विचार का?

थायरॉईड, स्तन, मेंदू यांचे कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग यांच्या बाबतीत मुले किरणोत्सर्गाला प्रौढांपेक्षा अधिक संवेदनशील असतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीने २०१३ च्या अहवालात नमूद केले. शिवाय पुढे त्यांचे सारे आयुष्य पडलेले असते. जन्मापासून हृदयाचा किंवा मणक्याचा विकार असलेल्या मुलांचे एक्स-रे तर वारंवार काढावे लागतात. म्हणूनच २००८ मध्ये अमेरिकेत ‘इमेज जेंटली’ ही मोहीम सुरू झाली. मुलाच्या मापाने डोस द्या, हे तिचे सांगणे.

ते करण्याचे मार्गही ठाऊक आहेत. गरजेपुरताच भाग किरणांच्या चौकटीत घेणे, शरीर लहान असेल तर विखुरलेले किरण अडवणारी ग्रिड काढून ठेवणे, निरुपयोगी मंद किरण गाळण्यासाठी तांब्याचा पातळ पत्रा वापरणे आणि मूल हलण्यापूर्वीच काम व्हावे म्हणून वेळ कमीत कमी ठेवणे. यातल्या बहुतेक गोष्टींना नवे यंत्र लागत नाही, लागते ती दोन मिनिटांची सवड.

पोटावर शिशाचे कवच का घालत नाहीत?

अनेक पालक हा प्रश्न विचारतात. २०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या जननेंद्रियांवर सरसकट कवच घालणे थांबवावे, अशी भूमिका घेतली. कवच सरकून महत्त्वाचा भाग झाकला तर एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. ते संवेदकासमोर आले तर यंत्र उलट डोस वाढवते. योग्य सेटिंग आणि नेमकी चौकट हेच खरे कवच, असा त्याचा अर्थ. मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या नातेवाइकाने मात्र शिशाचा एप्रन घालायलाच हवा.

भारतात नियम काय सांगतात?

देशातील एक्स-रे यंत्रांवर मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची देखरेख असते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून यंत्र चालवण्याचा परवाना मिळतो. यंत्र चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित असावी, कर्मचाऱ्यांना किरणमापक बिल्ला असावा आणि यंत्राची गुणवत्ता चाचणी ठरावीक मुदतीत व्हावी, असे बंधन आहे.

ही चौकट आवश्यकच आहे. पण चाचणीतून कळते ते यंत्र ठीक आहे की नाही एवढेच. ७० केव्हीपी लावल्यावर ७० च मिळतो का, हे तपासता येते. त्या ४ वर्षांच्या मुलीला ७० ची गरज होती का, हे चाचणीत दिसत नाही. ते दिसते रोजच्या नोंदीत.

मग काय व्हायला हवे?

ती नोंद आधीच अस्तित्वात आहे. डिजिटल यंत्राच्या मूळ फाइलमध्ये चित्रासोबत सेटिंग आणि एक्स्पोजर इंडेक्स साठवण्याची सोय असते. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत ती माहिती गळून पडते आणि छापील अहवालातही ती सहसा नसते. अहवालाच्या तळाशी हा आकडा एका ओळीत छापायला खर्च येत नाही. वय आणि वजनानुसार सेटिंगचा तक्ता यंत्राशेजारी भिंतीवर असावा. महिन्यातून एकदा डेव्हिएशन इंडेक्स आणि पुन्हा काढाव्या लागलेल्या एक्स-रेंचा आढावा घ्यावा. आणि दाणेदार चित्रासाठी तंत्रज्ञाला बोल लावणाऱ्या डॉक्टरांनी अधिक ३ चा आकडा दिसल्यावरही तितक्याच तत्परतेने विचारणा करावी. चढत्या डोसवर खरा उतारा हाच.

रुग्णांच्याही हाती काही गोष्टी आहेत. आधीचे एक्स-रे सोबत नेणे, गरोदरपणाची शक्यता असेल तर आधीच सांगणे, दागिने काढणे, सांगितल्यावर श्वास रोखून स्थिर उभे राहणे. आणि मूल सोबत असेल, तर बटण दाबण्यापूर्वी एकच प्रश्न विचारणे : ‘सेटिंग मुलाच्या वजनाप्रमाणे केली ना?’ चांगल्या तंत्रज्ञाला या प्रश्नाचा राग येणार नाही.