साहेब, एकजण गाडीनं या!
हिंगोलीत विमानतळ नाही, त्यामुळे घाईतले व्हीआयपी हेलिकॉप्टरनं उतरतात. भर मे महिन्यातसुद्धा! तापलेली हवा विरळ होते, पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनही दमतं. डिसेंबरात सहज उचललेलं वजन तेव्हा जड जातं. मराठवाड्यातच, निलंग्याला, २५ मे २०१७ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडाल्याउडाल्या विजेच्या तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले, नशीब! अशा वेळी ‘पायलटची चूक’ म्हणून मोकळं होणं सोपं. पण तापमान, इंधन, माणसं, बॅगा हा हिशेब जमिनीवरच मांडायचा असतो. तो जमत नसेल तर ‘साहेब, एकजण गाडीनं या’ म्हणायचं कुणी? आपल्याला एसी केबिनमध्ये बॉसला ‘नाही’ म्हणवत नाही. तिथं तर डोक्यावर पंखा फिरत असतो आणि साहेबांना पुढची सभा असते.